गाडीचा थांबा आणि दारातला पेपर

पुणे–सोलापूर लोहमार्गावर, जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मध्ये केम लागतं. करमाळा तालुक्यातलं हे गाव कुंकवासाठी नावाजलेलं. इथलं कुंकू बाहेर जातं, बातमी मात्र बाहेरून आत येते. लहान गावात ती वेळेवर पोहोचणं गाडीच्या थांब्यावर असतं.

हे रामेश्वरमच्या एका पोराला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या महायुद्धात तिथला गाडीचा थांबा बंद झाला आणि पेपरचे गठ्ठे धावत्या गाडीतून फेकले जाऊ लागले. ते झेलायला चुलतभावानं ज्याला हाताशी घेतलं, तो पोरगा म्हणजे ए.पी.जे. अब्दुल कलाम. त्यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, महाराष्ट्रात वृत्तपत्र विक्रेता दिन म्हणून पाळतात.

पेपरविक्या पोराची गोष्ट अमेरिकेत 1833 पासून सांगतात. न्यूयॉर्कच्या ‘सन’चे बेंजामिन डे यांनी दहा वर्षांच्या बार्नी फ्लॅहर्टीला पेपर विकायला ठेवलं. पुढं तिथल्या छोट्या गावांत शाळा सुटली की सायकलवरून सायंदैनिक टाकणं ही पोरांची रीतच झाली. 1938 च्या कामगार कायद्यात 1949 ला झालेल्या दुरुस्तीनं घरोघर पेपर टाकणाऱ्या मुलांना बालमजुरीच्या नियमांतून वगळलं. त्या पोराला छोटा व्यापारी मानत. पेपर घाऊक भावात घ्यायचे, पैसे स्वतः गोळा करायचे आणि बुडाले तर स्वतःचे. कौतुकाच्या आड जोखीम पोराच्याच गळ्यात होती, हे मला खटकतं. सायंदैनिकं बंद पडत गेली, पेपर पहाटेचे झाले, अंतरं वाढली, आणि सायकलच्या जागी मोटारवाली मोठी माणसं आली.

त्याच अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. ना. भि. परुळेकरांनी 1 जानेवारी 1932 रोजी पुण्यात ‘सकाळ’ काढला. पुढं मोठ्या दैनिकांच्या सोलापूर आवृत्त्या निघाल्या, आणि पुण्याहून रात्रभर प्रवास करून येणारा पेपर जिल्ह्यातच छापला जाऊ लागला.

आपल्याकडं जोखीम एजंटाची. पोरगा महिन्याच्या पगारावर ‘लाईन टाकतो’. पहाटे गठ्ठ्याची सुतळी सोडायची, मांडी घालून पुरवण्या भरायच्या, बोटांना शाई लागते ती दिवसभर जात नाही. कुणाचा पेपर खिडकीच्या गजात खोचायचा, कुणाचा कुत्र्यापासून वाचवून पत्र्यावर ठेवायचा, हे त्यालाच ठाऊक. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला 2016 च्या दुरुस्तीनं बंदी आली, घरच्या धंद्यात शाळेबाहेरच्या वेळेपुरती सूट राहिली. ही बंदी मला योग्यच वाटते. पहाटे चारला उठलेलं लेकरू वर्गात पेंगतं.

लाईन खरी तुटली ती कोरोनात. 18 एप्रिल 2020 ला राज्यानं घरोघरी पेपर टाकायला मनाई केली. मुंबई-पुणे परिसर आणि प्रतिबंधित क्षेत्रं सोडून ती तीन दिवसांत उठली, पण फोनवर बातम्या पाहायची सवय लागलेली कितीतरी घरं पुन्हा पेपरकडं वळली नाहीत.

जी राहिली, त्यांचा हिशेब करमाळ्याच्या या ऊसपट्ट्यात महिन्याला मिटतोच असं नाही. पोरगा वसुलीला गेला की दारातूनच उत्तर येतं, “कारखान्याचं बिल आलं की देतो बाळा.” तोही मुकाट्यानं वहीत त्या नावापुढं रकमेऐवजी ‘ऊस’ एवढंच लिहितो आणि सकाळी पेपर टाकतो.