सातपुड्यात चाकही अडते, रेंजही

शिरपूरहून आग्रा महामार्गाने सेंधव्याकडे निघाले की पळासनेरनंतर मध्य प्रदेशची हद्द येते. महामार्ग सोडून डोंगरातल्या पाड्यांकडे वळावे, तर अनेकदा आधी डांबर संपते, मग मोबाइलची रेंज. चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्यातही हाच अनुभव. चाक आणि रेंज, दोन्हींना अडवणारा डोंगर एकच आहे, पण अडवण्याची रीत वेगळी.

रेल्वेचे लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरते. घर्षण कमी, म्हणून थोड्या ताकदीत प्रचंड ओझे ओढता येते. पण त्याच कारणाने चढावर चाक घसरते. ट्रक चढतो तो घाट रेल्वेगाडीला झेपत नाही. तिच्यासाठी मंद चढ हवा, म्हणजे वळसे, भराव, पूल, बोगदे. १९०० साली चाळीसगावहून धुळ्याला आलेला फाटा पुढे सातपुड्यापार गेला नाही. सातपुडा ओलांडणाऱ्या मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती २ सप्टेंबर २०२४ रोजी. खर्च १८,०३६ कोटी रुपये, नवी स्थानके ३०.

रेडिओलहरींना चढाचे काही नाही, त्यांना आडोसा नडतो. ३५०० मेगाहर्ट्‌झची लहर जेमतेम नऊ सेंटिमीटर लांब. ती कड्यामागे फारशी वळत नाही. ७०० मेगाहर्ट्‌झची सुमारे ४३ सेंटिमीटरची लहर थोडी अधिक वळते आणि दूर पोचते, मात्र त्या पट्ट्यात माहिती वाहून नेण्याची जागा कमी असते. शिवाय टॉवर उभारला म्हणजे काम संपत नाही. त्याला मागे जाळ्याशी जोडावे लागते: एकतर समोरासमोर दिसणाऱ्या मायक्रोवेव्ह तबकड्यांनी, नाहीतर ऑप्टिकल फायबरने.

फायबरमधला प्रकाश काचेच्या आतल्या आत परावर्तित होत वळणावळणाने जातो. सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर या वेगाने मनमाड-इंदूर अंतर तो दीड मिलिसेकंदात कापेल. त्याला चढ नडत नाही, आडोसाही नाही. लागतो तो फक्त चर. काळ्या बसाल्टात तो खणणे हेच मोठे खर्चाचे काम. म्हणून जगभर रुळांच्या आयत्या मार्गाच्या कडेने फायबर जाते. आपल्याकडे २००० साली स्थापन झालेली रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल तेच करते.

मात्र रुळालगतचा फायबर स्थानकापर्यंतच पोचतो. तिथून ग्रामपंचायत आणि पाड्यापर्यंतचा फाटा रस्त्याच्या आराखड्यातच धरायला हवा. नव्या रस्त्याच्या कडेला रिकामी नळी टाकून ठेवली, तर केबल नंतरही ओढता येते. डांबर पडल्यावर तोच रस्ता पुन्हा उकरायचा, हा दुहेरी खर्च आहे. सीमेवरच्या गावांनी ग्रामसभेत रस्त्याचा ठराव करताना त्या नळीची मागणीही त्यातच लिहावी.