फाळक्याची पिन, जीपचे दार आणि स्टेपनी



ट्रॉली फडातून भरून निघाली की आपण दोन गोष्टी हमखास बघतो. टायरमध्ये हवा आहे का, आणि टाकीत डिझेल आहे का. तिसरी गोष्ट बघणारे फार थोडे. ती म्हणजे मागचा फाळका. फाळक्याला दोन पिना असतात. त्यातली एक हरवते, मग तिच्या जागी बांधायची तार येते, आणि ती तार हंगामभर तशीच राहते. "चालतंय की!" असं आपण म्हणतो. चालतं हे खरं, पण ज्या दिवशी चालत नाही त्या दिवसाचं काय?

काही हंगामांमागे कारखान्याच्या यार्डात मी एक प्रकार डोळ्यांनी बघितला. एक ट्रॉली रिकामी करायला लागली होती. उजवीकडची पिन जागेवर होती, डावीकडे तार होती. टोळीतला एक पोरगा मागे उभा राहिला आणि त्याने चांगली पिन हातोडीने काढली. सगळा भार एकदम तारेवर आला, तार सुटली, फाळका खाली आला आणि मागोमाग ऊस. पोरगा उडी मारून बाजूला झाला म्हणून जीव वाचला, पण एका पायाची दोन बोटं गेली. चूक कोणाची? मालक म्हणाला ड्रायव्हरची, ड्रायव्हर म्हणाला टोळीची. माझ्या मते चूक तारेची, आणि तार बघूनसुद्धा गप्प बसलेल्या आम्हा सगळ्यांची. तेव्हापासून वाहनांची दारं, फाळके आणि स्टेपनी यांकडे मी जरा निरखून बघू लागलो. त्यातून जे समजलं ते चार शब्दांत सांगतो.

पिन आणि तार

आधी साधा हिशेब करू. १६ मिलिमीटर जाडीची पिन आणि ३ मिलिमीटर जाडीची तार. दिसायला पिन पाचपट जाड. पण ताकद जाडीवर जात नाही, कापलेल्या तोंडाच्या क्षेत्रफळावर जाते. ते क्षेत्रफळ २८ पट भरतं. म्हणजे एका पिनेची बरोबरी करायची तर तारेचे अठ्ठावीस पदर लागतील, आणि ते सगळे सारखे ताणलेले हवेत. आपण घालतो दोन-तीन पदर, तेही पकडीने पिळून अर्धे मोडलेले.

दुसरी गोष्ट, पिन कशात बसते ते. एकाच पत्र्याच्या कानातून गेलेली पिन वाकते. दोन कानांच्या मधे फाळक्याचा कान आणि तिन्हींतून आरपार पिन, अशी रचना असेल तर पिन तुटायला एकाच वेळी दोन ठिकाणी कापली जावी लागते. त्याच लोखंडाला दुप्पट जोर येतो. ट्रॉली बांधायला टाकाल तेव्हा फॅब्रिकेशनवाल्याला एवढं जरूर सांगा.

फाळक्यावर भार येतो तरी किती? सहा टन ऊस भरलेली ट्रॉली दहा फुटाला एक फूट अशा चढावर लागली, तर माल मागे सरकायला बघतो त्याचा जोर सुमारे सहाशे किलोचा असतो. यातला बराचसा भार ऊस आपसात घासून आणि तळाला चिकटून पेलतो. पण दव पडलेलं ओलं पाचट निसरडं असतं. वर ड्रायव्हरने क्लच झटक्यात सोडला तर गाडी पुढे जाते, माल जागीच राहू बघतो, आणि धक्का फाळक्याला बसतो.

जीप शेतकऱ्याकडे आली तेव्हा

दार कुठे आणि स्टेपनी कुठे, हा वाद वाहनाइतकाच जुना आहे. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप आठवा. तिला पोलादी दारं नव्हतीच. शिपायाला झटकन उडी मारता यावी म्हणून बाजू उघड्या, आणि स्टेपनी मागच्या पत्र्यावर. मागून सामान चढवायची सोय नाही. युद्ध संपलं, आणि १९४५ साली त्याच कंपनीने शेतकऱ्यासाठी जीप काढली, तिचं नाव सीजे-२ए. हिला मागे उघडणारा फाळका दिला, दोन साखळ्यांवर तोलून धरणारा. मग स्टेपनी कुठे ठेवायची? ती मागून काढून उजव्या बाजूला नेली. शेतकऱ्याला बियाण्याची पोती आणि खत मागून भरायचं असतं, हे त्या कारागिरांनी ओळखलं. स्वातंत्र्यानंतर विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू झाली आणि पुढे ही जीप आपल्याकडच्या खेडोपाडी पोहोचली.

लँड रोव्हरवाल्यांनी पुष्कळ गाड्यांवर स्टेपनी बॉनेटवर ठेवली. मागचं दार मोकळं राहिलं, पण इंजिन बघायचं तर चाकासकट बॉनेट उचला! सगळ्या बाजूंनी सोयीची जागा कुठेच नाही. एक सोय घेतली की दुसरी गैरसोय पदरात पडते.

बिजागरीचे गणित

पुढे बंदिस्त गाड्या आल्या. मागे बाजूला उघडणारं दार, आणि त्या दारावरच स्टेपनी. दिसायला रुबाबदार, पण बिजागरीला विचारा! समजा दार २५ किलो, चाक २५ किलो, आणि दोघांचा भार बिजागरीपासून ६० सेंटिमीटर लांब. दोन बिजागऱ्यांत अंतर ४० सेंटिमीटर. हिशेब सोपा आहे. पन्नास गुणिले साठ, भागिले चाळीस, म्हणजे ७५ किलो. वरची बिजागरी ७५ किलोने बाहेर ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने आत दाबली जाते. हे गाडी उभी असताना. खड्ड्यात आदळली की भार कितीतरी वाढतो. बिजागऱ्यांतलं अंतर वाढवून ६० केलं, तर तोच भार ५० किलोवर येतो.

वाड्याच्या दिंडीदरवाजाला आपले सुतार बिजागऱ्या लांब-लांब का मारत होते, ते आता ध्यानात येईल. दार लोंबायला लागलं की आपण खटका ठोकून सरळ करतो. दुखणं असतं वरच्या बिजागरीच्या पिनेत. दार हाताने वर उचलून बघा. खाली-वर हललं तर पिन झिजली असं समजा. दारावर स्टेपनी असेल तर दार बंद असताना तिचा भार रबरी टेकूंवर यायला हवा. ते टेकू झिजले की सगळे हादरे बिजागरीला.

दार कोणत्या बाजूने उघडावं, यातही शहाणपण आहे. जुनी फियाट, जिला मुंबईकर डुक्कर फियाट म्हणत, तिचं पुढचं दार मागच्या बाजूला टांगलेलं असे. चढा-उतरायला सोपं, पण धावताना खटका सुटला तर वारा ते दार फाडून उघडणार. दार पुढच्या बाजूला टांगलं की तोच वारा ते दाबून ठेवतो. वारा तोच, फक्त बिजागरीची जागा बदलली.

अर्धं लागलेलं दार

मोटारीच्या दारातला खटका दोन टप्प्यांचा असतो. आत एक फिरता आकडा असतो. तो चौकटीवरच्या खुंटीला मिठी मारतो, आणि त्याला अडकवायला एक पाचर असते. दार हळू लोटलं तर "टक" असा एकच आवाज येतो, नीट लावलं तर दोन. पूर्वी अपघातात दारं उघडून माणसं बाहेर फेकली जात आणि त्यानेच दगावत. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने १९५०च्या दशकात अपघातांचा अभ्यास करून हे दाखवून दिलं. फोर्ड कंपनीने १९५६च्या गाड्यांत न उघडणारे मजबूत खटके दिले, आणि पुढे तिथे त्याचा कायदाही झाला. त्या कायद्याप्रमाणे नीट बसलेल्या खटक्याने लांबीच्या दिशेला ११,००० न्यूटन, म्हणजे सुमारे अकराशे किलोची ओढ सोसली पाहिजे. अर्ध्यावर बसलेल्याने ४,४५० न्यूटन, म्हणजे साडेचारशे किलो. अर्धं लागलेलं दार निम्मंसुद्धा मजबूत नसतं. लग्नाला दहा जण कोंबून जीप निघते तेव्हा दारालगत बसलेल्या पोराने "टक-टक" ऐकलं का, एवढं विचारा.

स्टेपनी हे नाव कुठलं?

आपण रोज स्टेपनी म्हणतो. हे मूळचं गावातल्या एका रस्त्याचं नाव. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे, तिथे स्टेपनी स्ट्रीट. त्या काळात मोटारीबरोबर जादा चाक मिळतच नसे, पंक्चर झालं की रस्त्यातच टायर काढत बसा. १९०४ साली डेव्हिस बंधूंनी आरे नसलेली, टायर चढवून हवा भरलेली एक धाव बनवली. पंक्चर चाकाला ती बाजूने शिकंजाने आवळायची आणि पुढे निघायचं. लंडनच्या टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली. आज ती वस्तू गेली, नाव मात्र आपल्याकडे राहिलं. आणि आता पुन्हा उलट फेरा आला आहे. २०२० साली आपल्या केंद्र सरकारने नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं साहित्य असेल तर छोट्या प्रवासी गाडीला स्टेपनी नसली तरी चालते.

आपल्या ट्रकला मात्र ती सवलत नाही. तिथे स्टेपनी चासीखाली साखळीवर टांगलेली असते. चिखल, उसाचं पाणी आणि गंज खाऊन ती साखळी अशी धरते, की रात्री दोन वाजता पंक्चर झालं तर स्टेपनी असून नसल्यासारखी. किंवा उलट, साखळी तुटून चाक मागच्या मोटारसायकलवाल्याच्या पुढ्यात.

हंगामाआधी एवढं करा

फाळक्याला दोन्ही बाजूंना योग्य पिना बसवा. पिन साखळीने ट्रॉलीलाच बांधा, म्हणजे हरवणार नाही. पिनेच्या टोकाला आर-काटा घाला. फाळका उघडताना कोणीही मागे उभं राहू नये. दोघांनी दोन बाजूंना उभं राहून पिना काढाव्या, आणि ऊस फाळक्यावर रेलला आहे का हे आधी बघावं. रिकामी ट्रॉली नेताना फाळका खाली लोंबत ठेवू नका. तो मागचा लाल दिवा, रिफ्लेक्टर आणि नंबर झाकतो, आणि अंधारात मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसतच नाही. स्टेपनी महिन्यातून एकदा खाली उतरवा, साखळीला ग्रीस लावा, हवा बघा. चाक बदललं की नट समोरासमोरचे आवळा, आणि पन्नासएक किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा आवळा.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, हळदकुंकू लावतो, हार घालतो. यंदा हार घालायला ट्रॉलीच्या मागे जाल तेव्हा वाकून फाळक्याच्या पिना मोजा. दोन असतील तर नारळ फोडा. एक असेल तर आधी लोहाराकडे जा, नारळ थांबेल. आपला ऊस तोडायला घरदार सोडून आलेल्या माणसाचा जीव त्या पिनेवर टांगलेला असतो. मोळी गव्हाणीत पडायच्या आधी तेवढं बघून घ्यावं, ही विनंती.