कॅमेऱ्यापुढील मूल आणि आपण

मराठी चित्रपटाशी लहान मुलांचे नाते चित्रपटाइतकेच जुने आहे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हा रोहिदासाची भूमिका त्यांच्या मुलाने, भालचंद्राने केली. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली ती त्यांची कन्या मंदाकिनी. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान पुन्हा मराठीकडे येण्यास २००४ साल उजाडावे लागले. तो मान मिळविणाऱ्या 'श्वास'चे काही चित्रीकरण सिंधुदुर्गातच झाले होते. या दोन्ही चित्रपटांचा भार एकेका लहान मुलाने पेलला होता, हे विसरता येणार नाही.

मुलाला अभिनय करावा लागत नाही, ते उपजतच खरे वागते, असे आपण म्हणतो. हे अर्धेच सत्य आहे. जे एकदा सहज घडते, तेच दहा वेळा घडवावे लागते, आणि तिथे सहजता संपून श्रम सुरू होतात. मालवणच्या किनाऱ्यावर तर या श्रमांना आणखी एक धनी असतो, तो म्हणजे समुद्र. ओहोटीला सुरू केलेला प्रसंग भरतीपूर्वी संपला नाही, तर वाळूचा पट्टा बदलतो आणि दृश्याला दृश्य जुळत नाही. अशा वेळी घाई साऱ्यांनाच होते. परंतु उन्हात उभ्या असलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला 'आता पुरे' असे म्हणता येत नाही. रडण्याचा प्रसंग असला आणि रडू येत नसले, म्हणजे त्याला भिववून रडविण्याचा मोह होतो. तो अभिनय नव्हे, ती शिक्षाच होय.

यास्तव कायद्याने मर्यादा घातल्या आहेत. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई असली, तरी शाळेच्या शिक्षणात व्यत्यय येणार नाही या अटीवर बालकलाकारांना सूट मिळाली. २०१७ च्या नियमांप्रमाणे चित्रीकरण ज्या जिल्ह्यात व्हावयाचे तेथील जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा अधिक काम नाही, विश्रांतीवाचून सलग ३ तासांपेक्षा अधिक नाही, आणि सलग २७ दिवसांहून जास्त काळ नाही. मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावयाची असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला कामाला लावता येत नाही. भरती-ओहोटीचे वेळापत्रक या नियमांत बसवावयाचे आहे. नियम वेळापत्रकात नव्हे.

परंतु आज कॅमेरा केवळ बाहेरगावच्या मंडळींजवळ राहिलेला नाही. तो घरोघरी, बापाच्या खिशात आहे. मासळीबाजाराची माहिती मालवणीत ठसक्याने सांगणारे, पाहुण्यांना किल्ला दाखविणारे चुणचुणीत मूल पाहून कौतुक वाटते, आणि ते वाटावे. बोलीची लाज न बाळगणारे मूल ही समाधानाचीच गोष्ट आहे. प्रश्न आहे तो कौतुकाचा धंदा होऊ लागतो तेव्हाचा. तिथे तास कोण मोजतो? पैसे कोणाच्या नावे राहतात? घरातल्या कॅमेऱ्यापुढे आईबाप हेच निर्माते आणि तेच पालक असतात. मग मुलाची बाजू घ्यावयास उरते कोण?

आपल्याकडे दशावतार रात्रभर चालतो. पहाटे रंग पुसला की राजा पुन्हा माणूस होतो, आणि काल चुकलेले वाक्य जत्रेबरोबर विरून जाते. कॅमेऱ्याचे तसे नाही. सातव्या वर्षी पडलेली रडकी छबी सतराव्या वर्षीही वर्गमित्रांच्या हाती असते. मुलाची संमती घेणे म्हणूनच केवळ उपचार ठरू नये.

हे काम मुख्यतः शिक्षकांचे आहे. बाकावरची गैरहजेरी आणि वर्गात पेंगणारे डोळे प्रथम त्यांनाच दिसतात. चित्रीकरणासाठी रजेचा अर्ज आला, तर त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची विचारणा करावी, बुडालेला अभ्यास कोण भरून काढणार हे पालकांना विचारावे. आणि मुलाला एकटे गाठून, 'तुला हे आवडते का?' एवढे जरूर विचारावे. उत्तर 'नाही' आले, तर ते पालकांपर्यंत पोहोचविण्याचे धैर्यही दाखवावे.