मानस आणि महानगर

पावसाळा तोंडावर आला की आपल्या नगरपालिकांना गटारांची आठवण होते. गाळ उपसला जातो, तो काठावरच टाकला जातो आणि पहिल्या मोठ्या सरीबरोबर पुन्हा गटारात जातो. ‘यंत्रणा सज्ज आहे’ अशी निवेदने प्रसिद्ध होतात. मग एके दिवशी रस्त्यांचे ओहोळ होतात, दुकानांत पाणी शिरते आणि संध्याकाळपर्यंत अधिकारीवर्गाचा खुलासा तयार असतो: पाऊस अभूतपूर्व होता. दर वर्षी यथासांग पार पडणाऱ्या या विधीत एक साधा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. हे पाणी पूर्वी जिथे जात असे, ती जागा आज कोणाच्या ताब्यात आहे?

झपाट्याने वाढणाऱ्या नगरांच्या बाबतीत हा प्रश्न जगात सर्वत्र विचारावा लागेल. ढाक्यात जुने कालवे बुजवून त्यांवर रस्ते आणि वसाहती झाल्या. जाकार्ताची जमीन भूजलाच्या बेसुमार उपशाने खचत गेली आणि २०१९ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारने राजधानीच अन्यत्र हलवण्याचा निर्णय जाहीर केला. चेन्नईच्या दक्षिणेची पल्लिकरणैची पाणथळ आक्रसत गेली आणि तिच्या काठाने नव्या उद्योगांच्या इमारती उभ्या राहिल्या; २०१५ च्या डिसेंबरात त्या शहराने त्याची किंमत मोजली. परंतु आम्हां गोमंतकीयांना इतके दूर जाण्याचे कारण नाही. जिच्याशी आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे, जिथे आपली माणसे शिकली, कमावती झाली, त्या मुंबईने हा धडा सर्वांत कठोर शब्दांत दिलेला आहे.

२६ जुलै २००५ चा तो दिवस. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, तो शंभर मिलिमीटरदेखील नव्हता. म्हणजे अर्धे शहर बुडत असताना उरलेल्या अर्ध्याला त्याची कल्पना नव्हती. दुपारी समुद्राला सुमारे साडेचार मीटरची भरती होती. लोकलगाड्या थांबल्या, विमानतळ बंद पडला, लक्षावधी माणसे गळ्याइतक्या पाण्यातून रात्रभर चालत राहिली. एकट्या मुंबईत चारशेहून अधिक आणि राज्यभरात हजाराच्या वर माणसे दगावली. पाणी ओसरल्यावर लेप्टोच्या तापाने आणखी बळी घेतले.

एवढा पाऊस पेलणारी गटारे जगातील कोणत्याही शहराने बांधलेली नाहीत, हा प्रशासनाचा युक्तिवाद खोटा नव्हता. परंतु तो अपुरा होता. मुंबईची जुनी पर्जन्यजलव्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने आखलेली होती, तीही समुद्राला ओहोटी असेल असे गृहीत धरून. शहराचे पाणी समुद्रात आणि खाड्यांत सोडणारी १८६ मुखे होती. त्यांतल्या अनेकांची पातळी भरतीच्या पाण्याखाली जाणारी आणि बहुतेकांना भरती रोखणारी दारेच नव्हती. त्यामुळे भरतीच्या वेळी शहराचे पाणी बाहेर जाणे तर राहोच, समुद्राचेच पाणी गटारांतून आत शिरू पाहत होते. ही व्यवस्था ताशी ५० मिलिमीटरच्या मापाने वाढवावी, उपसाकेंद्रे उभारावीत, अशी शिफारस करणारा अहवाल १९९३ मध्येच सादर झाला होता. पैशाअभावी तो बारा वर्षे बहुतांशी कागदावर राहिला. पुरानंतर त्याच कामांना वेग आला. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच.

दुसरी गोष्ट मिठी नदीची. विहार आणि पवई या तलावांचे ओसंडलेले पाणी घेऊन माहीमच्या खाडीला मिळणारी सुमारे १८ किलोमीटर लांबीची ही नदी. २००५ पूर्वी कित्येक मुंबईकरांना ती नदी आहे हेच ठाऊक नव्हते. ते तिला नाला समजत. तिला नाला केले कोणी? विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिचे पात्र वळवून आवळण्यात आले. तिच्या मुखाजवळच्या खाजणात भराव घालून वांद्रे-कुर्ल्याचे व्यापारी संकुल उभे राहिले. वरच्या अंगाला कारखाने, गोदामे, गोठे आणि झोपड्या यांनी दोन्ही काठ खाल्ले. यांतले प्रत्येक काम आपापल्या जागी समर्थनीय वाटत होते. विमानतळ हवा होता, दक्षिण मुंबईवरचा भार हलका करणारे व्यापारकेंद्र हवे होते, मजुरांना राहायला जागा हवी होती. परंतु या सर्वांची बेरीज नदीच्या बाजूने करून पाहण्याची जबाबदारी कोणत्याही कार्यालयाकडे नव्हती. शहरातली आपत्ती अशी हप्त्याहप्त्याने घडते. पावसाच्या दिवशी ती केवळ नजरेस पडते.

आणि तिची भरपाई कोण करतो? पुरानंतर माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण झाले, पात्र रुंद करण्याचे काम हाती घेतले गेले. त्या कामात काठावरच्या हजारो झोपड्या आणि लहान बांधकामे हटली. धावपट्टी आणि संकुल मात्र जागच्या जागी राहिले. झोपडीवाल्याचे अतिक्रमण हे अतिक्रमण आणि सरकारी आराखड्यातला भराव हा विकास, असा हा न्याय आहे. ज्याला भरावाचा लाभ झाला त्याने नुकसान सोसले नाही आणि ज्याने नुकसान सोसले त्याला लाभाचा वाटा कधीच मिळाला नव्हता. पुढे याच नदीतल्या गाळउपशात सुमारे ६५ कोटी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून २०२५ मध्ये गुन्हा नोंदला गेला. वीस वर्षांनंतरही नदी शहराच्या लेखी कंत्राटाची बाब राहिली असेल, तर धडा कोण शिकला असे म्हणायचे?

शहरे धडा शिकतच नाहीत असे मात्र नव्हे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुराने हैदराबादेत हजारो माणसे वाहून नेली. मृतांचा अंदाज पंधरा हजारांपर्यंत केला जातो. नदीच्या वरच्या खोऱ्यातली दोनशेहून अधिक तळी एकापाठोपाठ एक फुटली होती. निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुण्यात शिकलेल्या आणि खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दारे बसवणाऱ्या या स्थापत्यविशारदाने नदीला शहरात नुसत्या भिंती घालण्यावर समाधान मानले नाही. पाणी शहराच्या वरच्या अंगालाच साठवण्याची योजना दिली. तिच्यातून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पुरे झाले. १९१२ मध्ये नगरसुधार मंडळ स्थापन झाले. पुरापासून रक्षण करणाऱ्या जलाशयांनीच शहराला पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजले.

परंतु पुढच्या पिढ्यांनी काय केले? शहर वाढले तशी आसपासची तळी आणि त्यांना एकमेकांशी जोडणारे ओढे घरांच्या भूखंडांत विरून गेले. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत शिल्लक तळी ओसंडली, काहींचे बांध फुटले आणि त्यांच्या वाटेवरच्या वसाहती पाण्याखाली गेल्या. दोन्ही जलाशयांच्या पाणलोटात बांधकामास मज्जाव करणारा १९९६ चा सरकारी आदेश होता. २०२२ मध्ये तेलंगण सरकारने ते निर्बंध उठवण्याचा आदेश काढला. विश्वेश्वरय्यांचे बांध उभे आहेत; त्यांमागचा विचार खचला आहे. आपत्तीतून मिळालेले शहाणपण टिकवण्यासाठी दगडी बांध पुरत नाही, तो राखणारी संस्था लागते.

येथे आम्हांला आपल्या घरच्या एका गोष्टीची आठवण होते. मुंबईच्या त्या १८६ मुखांना जी दारे नव्हती, ती दारे गोमंतकाच्या शेतकऱ्याने शतकानुशतके सांभाळली आहेत. तिला आपण मानस म्हणतो. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडणारी आणि भरतीला बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटणारी लाकडी झडप, तिच्या आत पाणी काही काळ मुरवून धरणारी पोंय, बाहेर माती आणि चिऱ्यांचा बांध, आणि त्याही बाहेर लाटांचा मार सोसणारी खारफुटी. सुमारे अठरा हजार हेक्टर खाजन जमीन या व्यवस्थेवर उभी राहिली. पाण्याला थांबायला जागा द्यावी, जायला वाट द्यावी आणि परत फिरू नये म्हणून दार लावावे: आजचे अभियंते कोट्यवधी रुपयांच्या उपसाकेंद्रांनी जे साधू पाहतात त्याची ही तत्त्वे आहेत.

या व्यवस्थेचा प्राण लाकडात किंवा मातीत नव्हता. तो गावकारीच्या शिस्तीत होता. बांध कोणी पाहायचा, तो फुटला तर हाकेसरशी कोणी धावायचे, खर्च कोणी सोसायचा, हे ठरलेले होते. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी कूळ संघटनांकडे गेली. कसणाऱ्याला न्याय मिळणे अगत्याचेच होते. परंतु जबाबदारी बदलताना तिच्यामागचे बळ बदलले नाही. अनेक ठिकाणी मानशीची पावणी हाच मुख्य व्यवहार होऊन बसला. मासळीच्या लोभाने खारे पाणी आत राहू लागले, भातशेती ओस पडली आणि ओस पडलेल्या शेताकडे भूखंडाच्या दृष्टीने पाहणारे डोळे तयारच होते. पणजी, मडगाव, म्हापसा यांच्या भोवती सखल शेतांत पडणारे भराव पाहिले म्हणजे मिठी नदीची कथा आपल्याकडे लहान अक्षरांत लिहिली जात आहे, असे वाटल्याशिवाय राहत नाही. पणजीतल्या जाणकारांना निराळे सांगायला नको. दलदलीच्या जमिनीवर भराव घालून वसलेल्या या राजधानीत सांतइनेजचा ओहोळ आणि मळ्याची खाडी या पाण्याच्या हक्काच्या वाटा. त्या आक्रसल्या तशी मुसळधार पाऊस आणि भरती यांची गाठ पडली की राजधानीची त्रेधा उडू लागली.

घरे नकोत का, शहरे वाढू नयेत का, असा प्रश्न येथे विचारला जाईल. घरे हवीतच. शहरात येणारा माणूस पोटासाठी येतो आणि त्याला सुरक्षित जागी परवडणारे घर मिळाले नाही तर तो नाल्याच्या काठी किंवा डोंगराच्या उतारावर राहणार, हे उघड आहे. म्हणूनच शहराच्या नियोजनात गरिबाच्या घराची तरतूद हा आपत्तीनिवारणाचाच भाग मानला पाहिजे. आक्षेप वाढीला नाही. कोणती जमीन कधीच बांधायची नाही हे आधी ठरवावे आणि उरलेल्या जमिनीवर दाटीने, पण नीट बांधावे, एवढेच म्हणणे आहे. आपल्याकडे क्रम उलटा आहे. १९७४ च्या नगरनियोजन कायद्यात २०२३ आणि २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनी जमिनीचा विभाग तुकड्यातुकड्याने बदलण्याची वाट मोकळी केली; त्यांना न्यायालयात आव्हान दिले गेले. न्यायालये आपले काम करतील. परंतु तुकड्याने बदललेल्या आराखड्यात पाण्याचा हिशेब संपूर्ण खोऱ्याने कोण करणार, याचे उत्तर कायद्याच्या कलमात नसून सरकारच्या इच्छाशक्तीत आहे.

इच्छाशक्ती असेल तर साधने हाताशी आहेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेली शहरे यांच्यासाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापण्याची तरतूद केली आहे. पणजी दोन्ही अटींत बसते. मात्र हे प्राधिकरण पूर आल्यावर होड्या आणि पाण्याचे डबे पाठवणारे खाते ठरू नये. वादळाची सूचना आणि स्थलांतर या बाबतीत आपल्या देशाने मोठी मजल मारली आहे: ओडिशात १९९९ च्या महावादळात सुमारे दहा हजार माणसे गेली, २०१३ च्या फायलिन वादळात हा आकडा पन्नासच्या आत राहिला. पूर्वतयारीने जीव वाचतात, याचा याहून मोठा दाखला नको. परंतु शहरातले पाणी वादळासारखी चार दिवसांची मुदत देत नाही. तिथे तयारी म्हणजे जमिनीचा वापर, आणि म्हणून परवानगीच्या कागदावर या प्राधिकरणाचा शब्द चालला पाहिजे.

आमची मागणी तीन गोष्टींची आहे. पणजी आणि इतर वाढत्या शहरांच्या प्रत्येक ओहोळाचा, पोंयीचा, मानशीचा आणि पाणथळीचा नकाशा तयार करून तो लोकांपुढे मांडावा आणि विभागबदलाचा कोणताही प्रस्ताव त्या नकाशावर ठेवूनच तपासावा. प्रत्येक बांधाच्या आणि नाल्याच्या देखभालीसाठी एक नाव, एक निधी आणि एक उत्तरदायी अधिकारी असावा. कूळ संघटनांना केवळ पावणीचे उत्पन्न न देता दुरुस्तीचे बळ द्यावे. आणि पाण्याच्या वाटेवरून कोणाला हलवायचेच असेल तर मोजमाप एकच असावे, मग ते बांधकाम पत्र्याचे असो वा काचेचे.

यासाठी परदेशी सल्लागारांची गरज नाही. भरती केव्हा येते, ओहोटी केव्हा लागते आणि मानशीचे दार कोणत्या अंगाला उघडते, हे जाणणारी माणसे अजून आपल्या गावांत आहेत. नकाशाचे काम त्यांना सोबत घेऊन सुरू करावे, आणि ते पुढच्या पावसाळ्यापूर्वी पुरे करावे.