स्ट्रिंगमधील हुकमाची तामील
पायथनमध्ये अवतरणचिन्हांत बंदिस्त केलेली '२ + ३' ही स्ट्रिंग वस्तुतः निर्जीव मजकूरच. परंतु तीच 'इव्हॅल' या फंक्शनच्या स्वाधीन केली म्हणजे इंटरप्रिटर तिला हुकूम समजून तत्काळ तामील करतो व ५ हे उत्तर हजर करतो. सोय मोहक खरी. तथापि पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत 'इनपुट' हे साधे भासणारे फंक्शनही वापरकर्त्याने टंकलेला मजकूर याच रीतीने बिनदिक्कत चालवीत असल्यामुळे, वय विचारले असता एखाद्या खोडसाळ इसमाने फाइली नष्ट करण्याचा आदेश लिहिला, तर तोही शिरसावंद्य ठरे! २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने 'इनपुट'ची ही मुखत्यारी काढून घेतली. परक्याकडून आलेली संख्या वा यादी वाचावयाची असल्यास 'इव्हॅल'ऐवजी 'लिटरल इव्हॅल' हे फंक्शन वापरावे. ते केवळ साधी मूल्ये स्वीकारते, फंक्शनला दिलेली हाक सपशेल नामंजूर करते.