तांबडे फुटायच्या आत सुटणारी शर्यत

पहाटे उठणे तुम्हा शेतकरी मंडळींना नवे नाही. धार काढायची असते, बाजाराला माल न्यायचा असतो, आणि रात्रीची वीज असली की दारे धरायला अंधारातच मळ्यात जावे लागते. पण आठवड्याच्या एकुलत्या सुट्टीला, पोटापाण्याचे काही काम नसताना, पहाटे तीनला उठायचे, दहापंधरा मैल सायकल मारत एका सुनसान सडकेवर पोचायचे, तिथे जीव तोडून आणखी पंचवीस मैल सायकल हाणायची आणि गाव जागे होईपर्यंत घरी परतायचे, असे कोणी सांगितले तर तुम्ही काय म्हणाल? इंग्लंडात असे करणारी माणसे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ आहेत. त्यांत कारकून आहेत, गवंडी आहेत, खाणकामगार आहेत, बेकरीवाले आहेत. शेतात खुरपे-फावडे चालवणारी एक बाईही त्यांत होऊन गेली. तिची हकिकत मुख्यत्वे सांगायची आहे. पण आधी ही पहाटेची रीत पडली कशी ते ऐका.

२१ जुलै १८९४ रोजी लंडनच्या उत्तरेकडील सडकेवर पन्नास मैलांची शर्यत चालली होती. शर्यतवाल्यांचा एक घोळका एका बाईच्या घोडागाडीला मागे टाकून पुढे निघाला. घोडी बुजली, सायकली एकमेकींत अडकल्या आणि गडी रस्त्यावर आडवे झाले. गाडीतल्या बाईने पोलिसांकडे तक्रार केली. त्या काळी सडकेवर घोड्यांचे राज्य होते आणि गाडीघोडेवाल्या बड्या लोकांना सायकलवाले डोळ्यांसमोर नको होते. सरकार सायकलींनाच बंदी घालील, या धास्तीने सायकलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने सडकेवरच्या शर्यतीच बंद करून टाकल्या.

त्या पडलेल्या घोळक्यात एफ. टी. बिडलेक नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी तोड काढली. सगळ्यांनी एकदम सुटायचेच नाही. एकेकाने, एकेका मिनिटाच्या अंतराने सुटायचे आणि प्रत्येकाला किती वेळ लागला ते घड्याळावर मोजायचे. खेड-जुन्नरकडच्या बैलगाड्यांच्या घाटात एकेक बारी सुटते आणि सेकंद मोजतात, तोच हा प्रकार. ५ ऑक्टोबर १८९५ रोजी अशी पहिली पन्नास मैलांची शर्यत झाली. कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून शर्यत पहाटेची ठेवत. अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे. शर्यतीच्या कागदावर ‘खाजगी व गोपनीय’ असे छापलेले. रस्त्याचे नाव उघड लिहायचे नाही, त्याला एक अक्षर आणि आकडा द्यायचा. ज्याला ठाऊक त्याला ठाऊक. चोरी करायला निघाल्यासारखे हे लोक शर्यतीला निघत! अक्षर-आकड्यांची ही खूण अजूनही चालू आहे, लपवायचे काही उरले नाही तरी.

बिडलेकसाहेब पुढे नामांकित वेळमापक झाले. १९३३ साली सायकलवरून जाताना मोटारीची धडक बसून ते दगावले. घोड्यांपासून सुरू झालेले भांडण मोटारींपर्यंत आले ते असे.

आता या शर्यतीतले सुखदुःख बघा. तुमच्यापुढे एक मिनिट आधी सुटलेला गडी असतो आणि मागे एक मिनिट नंतर सुटणारा. पुढचा दिसू लागला की अंगात दहा हत्तींचे बळ येते. मागच्याने गाठले की पाय शिशाचे होतात. कोणाच्या पाठीला लागून वारा चुकवायची सोय नाही, तसे केले तर बाद. म्हणून हरल्यावर दोष द्यायला कोणी सापडत नाही. फार तर वारा सापडतो.

आणि वारा ही मोठी लबाड चीज आहे. रस्ता जाऊन-येऊन असतो. सामान्य माणूस म्हणेल, जाताना वारा तोंडावर असला तर येताना पाठीवर मिळेल, फिटंफाट होईल. पण हिशेब करून बघा. साडेबारा मैल ताशी वीसच्या वेगाने गेलात तर साडेसदतीस मिनिटे लागतात. येताना वाऱ्याने ढकलले आणि ताशी तीसने आलात तर पंचवीस मिनिटे. एकूण साडेबासष्ट. वारा नसता आणि दोन्ही वेळा पंचवीसनेच गेला असता तर बरोबर साठ मिनिटांत परत आला असता. तोंडावरचा वारा जास्त वेळ खातो, पाठीवरचा तेवढे परत देत नाही. पहाटेला वारा पडलेला असतो, हा म्हणून मोठा फायदा. पण तिथेही मेख आहे. गार हवा जड असते, ती कापायला जास्त जोर लागतो. तेव्हा उबदार आणि निवांत पहाट मिळणे म्हणजे पेरणीला नेमका वाफसा मिळण्यासारखे. वर्षातून एखाददुसरी मिळते, आणि त्याच दिवशी खिळा घुसून ट्यूब बसते.

पूर्वी बहुतेकांकडे मोटार नसे. ज्या सायकलवर आठवडाभर कामाला जायचे तीच सायकल. शर्यतीची हलकी चाके पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना बांधून न्यायची, तिथे पोचल्यावर बदलायची, शर्यत मारायची, पुन्हा जुनी चाके चढवून घरी. लांब पल्ल्याच्या शर्यती तर बारा तासांच्या आणि चोवीस तासांच्या असतात. त्यांत ठरल्या वेळात किती मैल तोडले ते मोजतात. त्यात पायांआधी पोट दगा देते. खाणे चुकले की माणसाला घेरी येते, पायडल मारवत नाही, रस्त्याच्या कडेला बसून रडणारे बाप्ये लोकांनी पाहिले आहेत. म्हणून दुधात शिजवलेला भात, केळी, गोड चहा घेऊन घरची माणसे रस्त्यात जागोजाग उभी असतात.

आता त्या बाईकडे वळू. बेरिल बर्टन हे तिचे नाव. जन्म १२ मे १९३७, यॉर्कशायर परगण्यातल्या लीड्स शहरात. लहानपणी तिला सांधेतापाने धरले. या तापाचा डाग काळजावर राहतो हे आपल्याकडेही पुष्कळ घरांनी अनुभवले आहे. महिनोन् महिने दवाखान्यात गेले, आणि अंगमेहनतीचे काम करायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले. पुढे चार्ली बर्टन नावाचा सायकलवेडा तरुण भेटला, १९५५ साली लग्न झाले, १९५६ साली डेनिस नावाची मुलगी झाली. सायकल तिला चार्लीने शिकवली. थोड्याच दिवसांत तो तिच्या मागे पडू लागला! मग त्याने काय करावे? रुसून बसला नाही. तिची सायकल जुळवायची, चाके नीट करायची, शर्यतीच्या गावी न्यायचे-आणायचे, पोरीला सांभाळायचे, हे सगळे त्याने पत्करले. सत्तर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, हे लक्षात घ्या. आजही आपल्या किती घरांत असा नवरा निघेल, हे ज्याचे त्याने बघावे.

पोटासाठी बेरिलबाई मॉर्ली गावी निम कार्लाइन याच्या रुबार्बच्या मळ्यात राबत. हा मळेवालासुद्धा चोवीस तासांच्या शर्यतीतला पट्टीचा गडी. रुबार्ब म्हणजे काय ते तुम्हाला सांगितले पाहिजे. तांबड्या जाड देठांचे हे आंबट पीक. देठ साखरेत शिजवून खातात, पान मात्र विषारी. यॉर्कशायरच्या त्या भागात त्याची तऱ्हा निराळी आहे. गड्डे दोन वर्षे वावरात पोसायचे, त्या काळात देठ तोडायचे नाहीत. लोकरीच्या गिरण्यांतला टाकाऊ चोथा खत म्हणून घालायचा, त्यात नत्र भरपूर. कडक थंडीचा झटका बसला की गड्डे उपटून अंधाऱ्या, ऊबदार शेडमध्ये दाटीने मांडायचे. उजेड नसल्यामुळे देठ कोवळे, गुलाबी आणि झपाट्याने वाढतात. कान दिला तर वाढण्याचा कुरकुर आवाज येतो. तोडणी मेणबत्तीच्या उजेडात. मातीने लडबडलेले ते जड गड्डे गोठलेल्या रानातून खणून उचलायचे, ही मेहनत काय असते ते ऊसतोड केलेल्या माणसाला सांगायला नको. हे काम दिवसभर करून ही बाई संध्याकाळी सायकलवर बसे.

१७ सप्टेंबर १९६७ रोजी यॉर्कशायरमध्ये बारा तासांची शर्यत होती. पुरुष आधी सुटले, एकेका मिनिटाने, आणि त्यांच्या मागून बायका. पुरुषांत माइक मॅकनामारा नावाचा जवान त्या दिवशी असा सुटला होता की पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम मोडणार हे दिसत होते, आणि त्याने तो मोडलाही. पण दिवस कलायच्या सुमारास मागून बेरिलबाई आल्या. त्याला मागे टाकताना त्यांना त्याची दया आली. खिशात ज्येष्ठमधाची गोळी होती, ती त्यांनी चालत्या सायकलवरून त्याच्या हातावर ठेवली आणि पुढे गेल्या. (त्याच परगण्यात पॉन्टेफ्रॅक्ट गावी पूर्वी ज्येष्ठमध पिकवीत; तिथल्या लोकांची ती आवडती मिठाई.) बारा तास भरले तेव्हा बाईंचे २७७.२५ मैल झाले होते, म्हणजे ४४६ किलोमीटर. पुण्याहून कोल्हापूरला जाऊन परत यायला थोडेच कमी! मॅकनामारा पाऊण मैल मागे राहिला. पुरुषांचा नवा विक्रम झाला त्याच दिवशी तो बाईने मोडला, असे खेळाच्या इतिहासात फार क्वचित घडले आहे. पुरुषांना तिचा आकडा ओलांडायला १९६९ साल उजाडले. बायकांत तो पन्नास वर्षे टिकला. २०१७ साली अॅलिस लेथब्रिज हिने २८५.६५ मैल करून तो मोडला.

जागतिक अजिंक्यपदे तिने सात मिळवली, दोन सडकेवरची आणि पाच धावपट्टीवरची. देशातली सर्वोत्तम अष्टपैलू स्त्री सायकलपटू म्हणून १९५९ ते १९८३ अशी सलग पंचवीस वर्षे तिचे नाव लागले. तरी अखेरपर्यंत ती हौशीच राहिली. पैशाच्या शर्यती नाहीत, पगारी नोकरी नाही. शर्यत संपली की सोमवारी पुन्हा काम.

सगळेच गोड होते असे मात्र समजू नका. १९७६ साली राष्ट्रीय सडक शर्यतीत मायलेकी दोघी एकत्र उतरल्या. शेवटच्या झटक्यात मुलगी डेनिस पुढे गेली आणि जिंकली. बक्षीस देताना आईने मुलीशी हस्तांदोलन केले नाही. लोकांना ते फार लागले, आणि बेरिलबाईंनाही पुढे त्याचे वाईट वाटले. हरण्याची सवय नसलेल्या माणसाचे असे होते. घरात दोघे कर्ते असले की ताटातूट कशी होते हे तुम्ही पाहिले असेलच; इथे तर दोघी एकाच रस्त्यावर होत्या. तरी दोघींनी पुढे जोडीने एकाच दुहेरी सायकलवर बसून शर्यती केल्या. ५ मे १९९६ रोजी, एकोणसाठाव्या वाढदिवसाला आठवडा असताना, त्याच वाढदिवसाची निमंत्रणे वाटायला ती सायकलवरून निघाली आणि वाटेतच काळीज बंद पडून गेली. मॉर्ली गावात तिच्या नावाची बाग आहे, भिंतीवर तिचे चित्र आहे.

तिच्यासारखी मंडळी आणखीही झाली. रे बूटी याने ६ ऑगस्ट १९५६ रोजी कडक उन्हात एकाच गियरच्या सायकलवर शंभर मैल चार तासांच्या आत तोडले, त्याआधी हे कोणाला साधले नव्हते. आल्फ एंगर्स हा लंडनचा बेकरीवाला. रात्रभर पीठ मळायचे आणि उजाडता शर्यतीला जायचे. ५ ऑगस्ट १९७८ रोजी त्याने पंचवीस मैल ४९ मिनिटे २४ सेकंदांत मारले. पन्नास मिनिटांच्या आत येणारा तो पहिला.

या शर्यती आजही चालू आहेत, पण रस्ते ते राहिले नाहीत. वेळ चांगली यावी म्हणून लोक रुंद, सपाट, मोटारींच्या दुपदरी रस्त्यांकडे वळले. मोठा ट्रक शेजारून गेला की त्याच्या मागची हवा सायकलला ओढून घेते, पाचदहा सेकंद फुकट मिळतात. हे मिळणारे सेकंद काहींच्या जिवावर बेतले आहेत, आणि रहदारी वाढल्यामुळे कित्येक जुने रस्ते शर्यतीला बंद झाले. सायकलीही महागल्या. एकेकाच्या सायकलीची किंमत ऐकली तर तुम्ही बैलजोडीचा भाव विसराल. जुनी खोडे कुरकुरतात की आता पायांपेक्षा पैसा पळतो, आणि त्यांचे अगदीच खोटे नाही. पण घड्याळाची आणि एकट्याने सुटण्याची रीत तीच राहिली.

आणि शर्यतीनंतरचा प्रकारही तोच. सगळे गावच्या सभागृहात जमतात. क्लबातल्या बायाबाप्यांनी घरून केक करून आणलेला असतो, मोठ्या किटलीत चहा उकळत असतो. एक जण फळ्यावर नंबर आणि वेळा लिहीत जातो. ज्याची वेळ सर्वांत वाईट तोही फळ्यापाशी उभा राहून बघतो, कारण त्याला पहिल्या नंबराशी कर्तव्य नसते. गेल्या वर्षी याच रस्त्यावर त्याला एक तास नऊ मिनिटे लागली होती, आज किती लागली, एवढेच त्याला पाहायचे असते.