ट्रक उंच केला तर काय बदलते?

अमेरिकेत पिकअप ट्रक हे रोजच्या वापरातले वाहन आहे. पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा अशी त्याची रचना असते. शेतावर, बांधकामावर आणि सुट्टीच्या सहलीलाही तो नेतात. पुष्कळ मालक नवा ट्रक घेतल्यावर तो मूळ उंचीपेक्षा १०-१५ सेंटिमीटर उंच करून घेतात. चिखल, दगड, बर्फ यांतून जाता यावे हा एक हेतू, रुबाब हा दुसरा. उंच केल्यावर कोणी म्हणतो, “गाडी आता फार आदळते.” दुसरा म्हणतो, “माझी तर पूर्वीपेक्षा मऊ चालते.” पेट्रोल जास्त लागते, हे मात्र बहुतेक सगळेच सांगतात. यातले खरे काय, हे आठवी-नववीच्या भौतिकशास्त्राच्या आधारे तपासता येते.

उंची वेगळी, कडकपणा वेगळा

आधी एक सोपा प्रयोग करू. स्टँडला एक स्प्रिंग टांगा, तिला वजन लावा, ते थोडे खाली ओढून सोडा आणि २० आंदोलनांना लागणारा वेळ मोजा. आता स्प्रिंगचे वरचे टोक ५ सेंटिमीटर वर बांधा. वजन ५ सेंटिमीटर वर गेले, पण आंदोलनांचा वेळ तोच राहिला.

आता टोक मूळ जागी आणा आणि तशीच दुसरी स्प्रिंग शेजारी लावून तेच वजन दोन्हींवर मिळून टांगा. प्रत्येक स्प्रिंगवर निम्माच भार येतो, म्हणून हूकच्या नियमाप्रमाणे ती निम्मीच ताणली जाते. वजन पुन्हा वर गेले. मात्र या वेळी ते भरभर हलते. पूर्वीच्या सुमारे ०.७ पट वेळातच २० आंदोलने पुरी होतात.

दोन्ही वेळा वजन वरच गेले, परंतु पहिल्या खेपेस स्प्रिंगचा कडकपणा बदलला नाही आणि दुसऱ्या खेपेस तो दुप्पट झाला. ट्रक उंच करण्याचेही असेच दोन मार्ग आहेत. पुढच्या स्प्रिंगच्या डोक्यावर किंवा मागच्या पाट्यांच्या आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये धातूचा ठोकळा बसवला, तर कडकपणा जवळपास तोच राहतो. पाट्यांच्या जुडग्यात आणखी एक पाटा घातला किंवा कडक स्प्रिंग बसवली, तर उंचीबरोबर कडकपणाही वाढतो.

कडकपणाचा आरामाशी काय संबंध? गाडीच्या भाराने स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला सुमारे १ आंदोलन करते. १० सेंटिमीटर दबत असेल तर १.६ आणि ५ सेंटिमीटरच दबत असेल तर २.२. माणसाचे शरीर उभ्या दिशेच्या ४ ते ८ हर्ट्झच्या कंपनांना सर्वांत जास्त संवेदनशील असते. मऊ स्प्रिंग अशी कंपने बरीचशी अडवते. कडक स्प्रिंग त्यांतली जास्त कंपने बैठकीपर्यंत पोचू देते. गाडी आदळते असे वाटते, ते यामुळे.

ठोकळा लावला तर?

मग ठोकळ्याने उंच केलेला ट्रक पूर्वीइतकाच आरामशीर राहील का? नेहमीच नाही. पुढचे चाक वर-खाली हलण्याची हद्द ठरलेली असते. ठोकळ्यामुळे चाक एरवीच त्या हद्दीच्या खालच्या टोकाजवळ येते. रस्त्यात खड्डा आला की त्याला आणखी खाली जायला जागा उरत नाही आणि ‘ठक्’ असा धक्का बसतो.

शिवाय गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा फिरता दांडा आता जास्त तिरका होतो. त्याच्या टोकांना असणारा सांधा हूकच्याच नावाने ओळखला जातो. तो तिरका फिरू लागला की एका बाजूला गती एकसारखी असली तरी दुसरीकडे ती प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होते. कोन १० अंश असेल तर हा फरक सुमारे दीड टक्का वर आणि तेवढाच खाली असतो. दोन टोकांचे कोन सारखे असले तर हा परिणाम एकमेकांत मिटतो. ते बिघडले तर केबिनमध्ये थरथर जाणवते.

मऊ चालते म्हणणाराही खोटे बोलत नाही. उंच करताना बहुधा जुने, थकलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून नवे घातले जातात, कधी स्प्रिंगही अधिक योग्य निवडली जाते. आराम येतो तो या भागांमुळे. उंचीमुळे नव्हे.

पेट्रोल कुठे जाते?

धावत्या गाडीला मुख्यतः दोन रोध असतात. एक टायर घरंगळण्याचा, जो वेगाबरोबर फारसा बदलत नाही, आणि दुसरा हवेचा, जो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उंच ट्रकच्या पोटाखालून जास्त हवा जाते आणि अ‍ॅक्सल, नळ्या, रुंद टायर यांवर आदळते.

समजा, एका ट्रकला ताशी ४० किलोमीटर वेगाने टायरचा रोध २४५ न्यूटन आणि हवेचा ९५ न्यूटन आहे. उंचीमुळे हवेचा रोध १० टक्के वाढला असे धरू. एकूण रोध सुमारे ३ टक्केच वाढेल. तोच ट्रक ताशी ११० किलोमीटरने गेला, तर हवेचा रोध सुमारे ७२० न्यूटन होतो. आता त्यातली १० टक्के वाढ एकूण रोध साडेसात टक्क्यांनी वाढवते. म्हणून गावात फिरणाऱ्यापेक्षा महामार्गावर धावणाऱ्याच्या खिशाला ही उंची जास्त जाणवते. २०१३ च्या मॉडेलपासून ‘राम १५००’ या अमेरिकन पिकअपला हवेच्या दाबावर चालणारे सस्पेन्शन मिळू लागले. ते महामार्गाच्या वेगाला ट्रक आपोआप थोडा खाली बसवते. त्यामागे हेच गणित आहे.

मीटर फसवतो

ट्रक उंच करण्याचे एक कारण म्हणजे मोठ्या टायरना जागा करणे. अखंड अ‍ॅक्सल असेल तर नुसत्या सस्पेन्शनने ट्रकचे अंग वर जाते, अ‍ॅक्सलचा मधला फुगीर भाग जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो. तो वर न्यायचा तर टायरच मोठा हवा.

समजा, ८० सेंटिमीटर व्यासाचे टायर काढून ९० सेंटिमीटरचे बसवले. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी आता १२.५ टक्के जास्त अंतर जाते. अंतर दाखवणारा मीटर मात्र फेरेच मोजतो. तो ४०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी ४५० किलोमीटर गेलेली असते. त्यासाठी ५० लिटर पेट्रोल लागले, तर मालक म्हणेल, “लिटरला ८ किलोमीटरच!” खरा हिशेब ९ चा आहे. पूर्वी १० मिळत असतील तर तूट २० टक्के नसून १० टक्के आहे. हे उदाहरण वर्गात जरूर सोडवून घ्यावे. कोणत्याही मोजमापाआधी मापक तपासला पाहिजे, हे त्यातून मुलांच्या लक्षात येते.

हीच चूक वेगातही होते. काटा १०० वर असताना गाडी ताशी ११२ किलोमीटरने धावत असते. संगणकातली टायरची नोंद बदलून किंवा मीटर जुळवून घेऊन हा दोष काढता येतो. तो काढला नाही तर चालकाला आपला वेगच कळत नाही.

उलटण्याचा धोका

इथे प्रश्न पेट्रोलपुरता राहत नाही. दोन चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की गाडीच्या स्थिरतेचा अंक मिळतो. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था २००१ च्या मॉडेलपासून गाड्यांना उलटण्याच्या धोक्याबद्दल तारे देते, त्यांच्या मुळाशी हा अंक आहे. चाकांतील अंतर १.७ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.७ मीटरवर असेल तर अंक १.२१ येतो. गुरुत्वमध्य १२ सेंटिमीटर वर गेला की तो १.०४ होतो. वळणावर ट्रक जास्त झुकतो, आतल्यांना हेलकावे जाणवतात, आणि एकदम वळवण्याची वेळ आली तर हाताशी असलेली सुरक्षिततेची मर्यादाही घटलेली असते.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. अनेकांना हा नुसता सरकारी जाच वाटतो. पण कारखान्याने ठरवलेली उंची म्हणजे स्प्रिंग, सांधे, टायर, ब्रेक आणि गुरुत्वमध्य या सर्वांमध्ये जुळवलेला मेळ असतो. त्यातली एक संख्या बदलली की बाकीच्या सगळ्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.